ग्रंथाचे स्वामित्व आणि छपाईचा परवाना : बाबासाहेबांच्या हस्तलिखितांचा इतिहास

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्यांच्या मागे छापील ग्रंथांबरोबरच अप्रकाशित हस्तलिखितांचा फार मोठा साठा राहिला होता. त्यातील ‘रिडल्स इन हिंदुइझम’ आणि प्राचीन भारतातील क्रांती व प्रतिक्रांतीविषयीचे लिखाण १९८७ साली प्रथम छापून प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या समाजासाठी बाबासाहेबांनी रात्रीचा दिवस करून ही पाने लिहिली, त्या समाजाच्या हाती ती पडावयास तब्बल एकतीस वर्षे जावी लागली. या विलंबाची कारणमीमांसा करताना आपल्याकडे राजकीय उपेक्षेचा उल्लेख होतो व तो अस्थानी नाही. परंतु या विलंबाला कायद्याचीही एक बाजू होती आणि तिची चर्चा क्वचितच झाली आहे. कागद कोणाच्या ताब्यात, मजकुरावर स्वामित्व कोणाचे आणि तो छापण्याची मुभा कोणाला, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतून पडले होते. ते वेगळे करून पाहिल्याखेरीज या ग्रंथसंपदेचा इतिहास नीट उलगडत नाही. आणि आज ती कोण छापू शकतो, याचेही उत्तर मिळत नाही.

स्वामित्व आणि परवाना

बोलण्यात आपण ज्याला कॉपीराइट म्हणतो त्याला कायद्याच्या मराठीत प्रताधिकार असे म्हणतात. भारतात आज लागू असलेला प्रताधिकार कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. त्यापूर्वी १९१४ चा कायदा लागू होता. प्रताधिकार हा एकच हक्क नव्हे, तो हक्कांचा समूह आहे. ग्रंथ छापणे, त्याच्या प्रती लोकांना उपलब्ध करून देणे, त्याचा अनुवाद करणे, त्यावरून नाटक अथवा चित्रपट करणे, हे सर्व त्यात येते. लिखाण पूर्ण होताच हा हक्क आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. सर्वसाधारणपणे त्याचा पहिला स्वामी लेखक असतो.

स्वाम्याला या हक्काचे दोन प्रकारे काही करता येते. तो हक्क, सर्व किंवा अंशतः, दुसऱ्याच्या नावे हस्तांतरित करू शकतो. त्यानंतर हस्तांतरित झालेल्या भागापुरता तो दुसराच स्वामी ठरतो. किंवा स्वामित्व स्वतःकडे ठेवून तो दुसऱ्याला ठराविक कामाचा परवाना देऊ शकतो. सातबाऱ्यावर नाव असणे आणि ते शेत खंडाने कसावयास घेणे यांतील फरक ग्रामीण वाचकाला सांगावयास नको. खंडाने घेणारा नांगर धरतो, पीक काढतो. पण शेत विकू शकत नाही, आणि मुदत संपली की शेत मूळ धन्याकडे जाते. परवानाधारक प्रकाशकाची स्थिती अशीच असते. त्याला सांगितलेल्या भाषेत, सांगितलेल्या प्रदेशात व सांगितलेल्या मुदतीत पुस्तक छापता येते, त्यापलीकडे नाही.

परवान्याचेही दोन प्रकार आहेत. साधा परवाना एकाच वेळी अनेकांना देता येतो. अनन्य परवाना मात्र एकालाच मिळतो आणि तो असेपर्यंत खुद्द स्वाम्यालाही ते काम करता येत नाही. असा अनन्य परवानाधारक बेकायदा छपाईविरुद्ध न्यायालयात जाऊ शकतो. हस्तांतर आणि परवाना दोन्ही लेखी असावे लागतात. १९९४ साली झालेल्या व पुढील वर्षी अंमलात आलेल्या दुरुस्तीने यात लेखकाच्या हिताची भर पडली. लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे समजावी, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजावा, असे तीत म्हटले आहे. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असा अर्थ मोघम कागदातून काढण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली.

याखेरीज आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. कागदाची मालकी म्हणजे मजकुराची मालकी नव्हे. आपल्याला आलेले पत्र आपल्या पेटीत राहते, तो कागद आपला असतो. पण त्यातील मजकूर छापण्याचा हक्क पत्रलेखकाचा असतो. बाबासाहेबांच्या हस्तलिखितांची कहाणी नेमकी याच भेदापासून सुरू होते.

पाच लोखंडी पेट्या

महापरिनिर्वाणानंतर बाबासाहेबांची कागदपत्रे दिल्लीत न्यायालयीन कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पुढे ती महाराष्ट्र शासनाच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे, म्हणजे महाप्रशासकाकडे आली. महाप्रशासकाचे काम मृताची मालमत्ता सांभाळण्याचे असते. त्याच्याकडे पेट्यांचा ताबा होता, परंतु आतील ग्रंथ छापणे हे त्याचे काम नव्हते. दुसरीकडे, प्रताधिकार वारसाहक्काने ज्यांच्याकडे येत होता त्या वारसांच्या हाती कागद नव्हते. आणि ज्यांना ते लिखाण वाचावयाचे होते त्या लाखो अनुयायांकडे ना कागद होते, ना हक्क. अशा अवस्थेत वर्षांमागून वर्षे गेली.

ही कोंडी फोडण्याचा पहिला कायदेशीर प्रयत्न नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी केला. त्यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात शासनाविरुद्ध दाद मागितली. हे प्रकरण पुढे मुंबईस वर्ग झाले व अनेक वर्षे पडून राहिले. त्यांचे मागणे अगदी साधे होते : हे अप्रकाशित लिखाण छापण्याची परवानगी मला द्यावी, अन्यथा राष्ट्रीय महत्त्वाचे साहित्य म्हणून ते शासनाने छापावे असा आदेश द्यावा. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, या मागणीत स्वामित्वाचा दावा नव्हता. ग्रंथ माझे आहेत असे बनसोड म्हणत नव्हते. ग्रंथ लोकांपर्यंत जावेत एवढेच त्यांचे म्हणणे होते. आजच्या शब्दांत सांगावयाचे तर त्यांनी परवाना मागितला होता.

१९७६ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरित्र साधने प्रकाशन समिती स्थापन केली आणि १९७८ साली वसंत मून यांची विशेष कार्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली. ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेचा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. परंतु अप्रकाशित लिखाणाखेरीज ही माला अपुरी राहणार होती. म्हणून मून यांनी वारसांशी, महाप्रशासकाशी आणि बनसोड यांच्याशी स्वतः संपर्क साधला. माईसाहेब म्हणजेच सविता आंबेडकर, तसेच प्रकाश आंबेडकर व त्यांचे कुटुंबीय यांनी शासनामार्फत प्रकाशन करण्यास संमती दिली. बनसोड यांनीही सहकार्य केले. शासनाच्या अर्जावरून उच्च न्यायालयाने कागदपत्रे शासनाच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला आणि सप्टेंबर १९८१ मध्ये त्या पाच लोखंडी पेट्या मून यांनी शासनाच्या वतीने ताब्यात घेतल्या.

म्हणजे पेट्या उघडण्यासाठी दोन वेगळ्या किल्ल्या लागल्या. न्यायालयाच्या आदेशाने कागदांचा ताबा मिळाला. वारसांच्या संमतीने छापण्याची मुभा मिळाली. यांपैकी एकीने दुसरीचे काम भागले नसते.

या घटनेनंतर तीन वर्षांनी, १९८४ साली, प्रताधिकार कायद्यात एक नवे कलम आले. लेखक मृत असेल आणि त्याचे अप्रकाशित लिखाण प्रसिद्ध होणे राष्ट्रहिताचे असेल, तर केंद्र शासन वारसांना ठराविक मुदतीत ते प्रसिद्ध करावयास सांगू शकते. तसे न झाल्यास योग्य मानधन भरून घेऊन अन्य कोणालाही प्रकाशनाची परवानगी देता येते. स्वामित्व वारसांकडेच राहते, पण ते लिखाण दडवून ठेवण्याचे साधन होऊ शकत नाही, हे या कलमाचे सार आहे. बनसोड यांनी न्यायालयात जे मागितले होते त्याच स्वरूपाचा मार्ग आता कायद्याच्या पुस्तकात आला.

छापण्याची मुभा म्हणजे बदलण्याची मुभा नव्हे

१९८७ साली मालेचा चौथा खंड म्हणून ‘रिडल्स इन हिंदुइझम’ बाहेर पडले आणि राम व कृष्ण यांविषयीच्या परिशिष्टावरून वादळ उठले. ते परिशिष्ट वगळावे अशी मागणी काही संघटनांनी लावून धरली व शासन तिच्यापुढे झुकण्याच्या बेतात आले. तेव्हा आंबेडकरी जनता रस्त्यावर उतरली. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत निघालेला प्रचंड मोर्चा महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. अखेर परिशिष्ट कायम राहिले. मात्र त्यातील मतांशी शासन सहमत नाही, अशा आशयाची तळटीप त्याखाली पडली.

हा लढा अस्मितेचा होता, तसाच तो हक्काच्या मर्यादेचाही होता. प्रकाशकाला छापण्याचा अधिकार मिळाला म्हणजे लेखकाचे म्हणणे कापण्याचा अधिकार मिळाला काय? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. प्रताधिकार संपूर्णपणे दुसऱ्याला दिलेला असला तरीही, कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेस बाध येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा लेखकाचा विशेष अधिकार उरतोच. त्याच्या पश्चात मोडतोडीविरुद्ध दाद मागणे त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींच्या हाती असते. हा अधिकार पैशाने विकला जात नाही. शासनाची तळटीप आपल्याला रुचो वा न रुचो, ती प्रकाशकाचे मत म्हणून तळाशी उभी आहे. बाबासाहेबांचा मजकूर वर अबाधित आहे. हा फरक जनतेच्या जागरूकतेने टिकवला.

बाबासाहेबांनी स्वतः हे तत्त्व फार पूर्वी आचरणात आणले होते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी निमंत्रण दिले आणि भाषणाचा मसुदा पाहून काही भाग गाळावा असा आग्रह धरला. व्यासपीठ आमचे म्हणून मजकुरावर आमचा अधिकार, अशी ती समजूत होती. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळविले. अधिवेशन रद्द झाले. भाषण मात्र त्यांनी स्वखर्चाने पुस्तकरूपाने काढले. ‘ॲनाहिलेशन ऑफ कास्ट’ या त्या ग्रंथाच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि दुसऱ्या आवृत्तीपर्यंत गुजराती व तमिळ अनुवाद झालेही होते. ज्याच्या हाती स्वामित्व, त्याच्या हाती शब्द, हे या प्रसंगात जितके उघड दिसते तितके अन्यत्र क्वचित दिसेल.

शासनाचे नाव आणि त्याचा अर्थ

मालेच्या खंडांवर प्रताधिकाराच्या चिन्हापुढे महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाच्या सचिवांचा उल्लेख आहे. पुढे केंद्र शासनाच्या अखत्यारीतील डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानने २०१४ साली हे खंड पुन्हा छापले, तेव्हाही प्रताधिकाराची ओळ महाराष्ट्र शासनाच्याच नावाची राहिली आणि प्रकाशक म्हणून प्रतिष्ठानचे नाव आले. एकाच पानावर स्वामित्व एकाचे आणि प्रकाशन दुसऱ्याचे, असा हा धडा आपल्या घरच्या कपाटातच आहे.

तथापि, या ओळीवरून बाबासाहेबांचे सर्व लिखाण शासनाच्या मालकीचे झाले असे समजणे चूक ठरेल. ती ओळ दाव्याची घोषणा असते, ते खरेदीखत नसते. खंडाची मांडणी, संपादकीय टिपा, सूची ही समितीची निर्मिती आहे व तिच्यावर शासनाचा हक्क स्वाभाविक आहे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा मूळ मजकूर मात्र खंडात समाविष्ट झाल्याने शासनाचा होत नाही. प्रथमच प्रसिद्ध झालेल्या हस्तलिखितांची गोष्ट अधिक नाजूक आहे. शासनाच्या निर्देशाने प्रसिद्ध होणाऱ्या कृतीलाही कायदा शासकीय कृती म्हणतो आणि विरुद्ध करार नसेल तर तिचे पहिले स्वामित्व शासनाला देतो. उलट वारसांची प्रकाशनास संमती म्हणजे प्रताधिकाराचे हस्तांतर नव्हे, हेही तितकेच खरे. अशा वेळी निर्णय संमतिपत्रातील शब्दांवर होतो. म्हणूनच अशा कागदात ‘संमती’, ‘परवाना’ आणि ‘हस्तांतर’ हे तीन शब्द जपून वापरावे लागतात.

काय मुक्त झाले, काय नाही

प्रताधिकार चिरंतन नसतो. १९५७ च्या कायद्याने तो लेखकाच्या निधनानंतर पन्नास वर्षांपर्यंत ठेवला होता. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो संपू नये म्हणून डिसेंबर १९९१ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत साठ वर्षांची झाली. ठाकुरांसाठी झालेल्या या बदलाने बाबासाहेबांच्या ग्रंथांचीही मुदत वाढली. २००६ अखेर मुक्त व्हावयाचे ते ग्रंथ २०१६ अखेर मुक्त झाले.

‘कास्ट्स इन इंडिया’ (१९१७), ‘ॲनाहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६), ‘हू वेअर द शूद्राज?’ (१९४६), ‘द अनटचेबल्स’ (१९४८) असे हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे आहेत. ते छापण्यास कोणाचाही परवाना लागत नाही. निधनोत्तर प्रसिद्ध झालेल्या लिखाणाची मुदत मात्र निधनापासून मोजली जात नाही, ती प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे मोजली जाते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केला, म्हणून तो १ जानेवारी २०१८ पासून मुक्त झाला. ‘रिडल्स’ १९८७ सालचे असल्याने त्याचा प्रताधिकार ३१ डिसेंबर २०४७ पर्यंत टिकतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ पुस्तिकारूपाने १९९० साली आली. तिची मुदत २०५० अखेरपर्यंत जाते. ‘बाबासाहेबांचे सर्व साहित्य आता मुक्त आहे’ असे जे सरसकट म्हटले जाते ते यामुळेच बरोबर नाही. ज्या लिखाणाला पेटीबाहेर यावयास सर्वाधिक काळ लागला, त्याच लिखाणावरील बंधन सर्वांत उशिरा सुटणार आहे.

अनुवादाचा हिशेब आणखी वेगळा. अनुवाद ही स्वतंत्र कृती असून तिचा लेखक अनुवादक असतो. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’चा हिंदी अनुवाद भदन्त आनंद कौसल्यायन यांनी केला. भदन्तजी १९८८ साली निवर्तले. म्हणून मूळ इंग्रजी ग्रंथ मुक्त झाला असला तरी त्या हिंदी अनुवादाचा प्रताधिकार २०४८ अखेरपर्यंत राहतो. मराठी अनुवाद घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे या तिघांच्या नावे आहे. संयुक्त कृतीत शेवटच्या सहलेखकाच्या निधनापासून वर्षे मोजावी लागतात. आज कोणी मूळ इंग्रजीवरून नवा मराठी अनुवाद करील तर त्याला कोणाची आडकाठी नाही. जुना अनुवाद उचलून छापावयाचा तर त्या अनुवादाच्या स्वाम्याचा परवाना हवा.

हक्क आणि कर्तव्य

स्वामित्व हाती असले म्हणजे ग्रंथ लोकांच्या हाती पडतोच असे नाही. २०२१ च्या अखेरीस या मालेची रखडलेली छपाई वृत्तपत्रातून चव्हाट्यावर आली. नऊ लाख प्रतींचा संकल्प, पाच कोटींहून अधिक रुपयांचा कागद खरेदी केलेला आणि प्रत्यक्षात छापलेल्या प्रती सुमारे तेहेतीस हजार, असे त्या बातमीत म्हटले होते. मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. बनसोड यांच्या अर्जानंतर इतक्या वर्षांनी न्यायालयापुढे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला : ज्याच्या हाती छापण्याचा अधिकार आहे तो छापत का नाही?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर आता आपल्याच हाती आहे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर दरवर्षी पुस्तकांची जी दुकाने लागतात, त्यांनी शासकीय खंड मिळत नव्हते तेव्हाही बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेला. मुक्त झालेले ग्रंथ त्यांनी, विहारांनी आणि मंडळांनी निःशंकपणे छापावेत. पण छापताना मूळ आवृत्ती ताडून पाहावी, गाळलेले गाळले म्हणून सांगावे आणि पदरची वाक्ये बाबासाहेबांच्या नावावर घालू नयेत. प्रताधिकाराची मुदत संपली तरी मोडतोडीविरुद्धचा विशेष अधिकार संपत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने त्यावरील मुदतीचे बंधन काढून टाकले आहे. ज्यांची मुदत अजून संपलेली नाही ते लिखाण आणि अनुवाद छापावयाचे असतील तर लेखी परवाना घ्यावा आणि त्यात भाषा, प्रती, मुदत व प्रदेश स्पष्ट लिहून घ्यावेत. पुस्तक धम्मदान म्हणून विनामूल्य वाटले तरी ही गरज टळत नाही, कारण प्रश्न किमतीचा नसून अनुमतीचा आहे.

आपल्या लेखकांनी आणि अनुवादकांनीही यातून बोध घ्यावा. प्रकाशकाला हस्तलिखित देताना आपण परवाना देत आहोत की स्वामित्व, हे कागदावर पाहूनच सही करावी. हस्तलिखितांची यादी करून ठेवावी आणि आपल्यामागे ती कोणी छापावीत हे मृत्युपत्रात लिहावे. मृत्युपत्राने ज्याला अप्रकाशित हस्तलिखित दिले त्याला, उलट इच्छा नमूद नसेल तर, त्यावरील प्रताधिकारही मिळतो अशी सोय कायद्यात आहे. एवढ्या एका कागदाच्या अभावी ग्रंथ दशकानुदशके कुलपात पडून राहतात, हे पाच लोखंडी पेट्यांनी आपल्याला शिकविले आहे.